नाणी ओळखायला मदत करते, तरी ‘जाणकार’ कसं व्हायचं?

नंदीचा_पाव_आणा (इंदूर) · नवीन सदस्य

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, राजेंद्र नगरात राहते. होळकरांची तांब्याची नाणी जमवते, त्यातही शिवाजीराव होळकरांच्या काळातली, बसलेल्या नंदीची. चांदी परवडत नाही हे एक कारण, पण माझं मन तांब्यातच रमतं हे त्याहून खरं. नाणी जमवणाऱ्यांच्या या समूहावर येऊन बराच काळ झाला, रोज वाचते, जमेल तिथे उत्तरं देते. तरी नावापुढची ‘नवीन सदस्य’ ही पाटी काही हलत नाही, ‘जाणकार’ ही पायरी तर दूरच.

मागच्या आठवड्यात एकाने आजोबांच्या डब्यात सापडलेल्या नाण्याचा फोटो टाकला. तांब्याचं, पगडीवाला चेहरा, खाली १९८६. त्याचा प्रश्न होता, “१९८६ सालचं नाणं इतकं जुनं कसं दिसतं? नकली आहे का?” मी लगेच लिहिलं, “विक्रम संवत आहे. ग्वाल्हेर, जिवाजीराव शिंदे.” तासाभराने एका जाणकारांनी तेच सांगितलं, चार ओळी जास्त लिहिल्या, आणि सगळे ‘आभार’ त्यांच्या उत्तराला गेले. माझ्या उत्तराला त्या मुलाने साधं ‘बरं’सुद्धा म्हटलं नाही. दुसरीकडे प्रत्येक फोटोखाली ‘अप्रतिम संग्रह!’ लिहिणारे केव्हाच माझ्या पुढे निघून गेलेत.

मला ही पायरी मिरवायला नको आहे. ‘खरं की खोटं’ या विभागात फक्त जाणकारांनाच लिहिता येतं आणि तिथे होळकरी नाण्यांवर चुकीचे निकाल लागताना मी पाहते. मल्हारनगर म्हणजे इंदूरच्या टांकसाळीचा हातानं ठोकलेला रुपया असतो, ठशापेक्षा चकती लहान, त्यामुळे अक्षरं अर्धीमुर्धीच उमटलेली. कुणीतरी लिहून मोकळं होतं, “मजकूर अपुरा, नकली.” आणि मी नुसती बघत बसते.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही पायरी नक्की कशाने मिळते? आणि जिला फक्त होळकरी तांबं कळतं, तिने बाकीच्या प्रश्नांना हात घालावा की गप्प बसावं?

---

क्षिप्राकाठ (उज्जैन) · सदस्य

आभार मोजले जातात, पण त्याहून जास्त वजन आहे ते समूहाच्या सामायिक सूचीत भर घालण्याला. होळकरी तांब्याच्या कितीतरी प्रकारांचे आपल्याकडे धड फोटोच नाहीत. दोन्ही बाजू, वजन, व्यास, एवढं नीट टाकलंत तरी समूह सांभाळणाऱ्या नियामकांच्या नजरेत याल. न्यूमिस्टा या नाण्यांच्या ऑनलाइन सूचीवरही तसंच चालतं, सदस्य माहिती पाठवतात, रेफरी तपासून घेतात. तुमच्याकडे नंदीची वेगवेगळ्या सालांची नाणी असतील तर आजच सुरुवात करा.

---

रामबागकर (इंदूर) · जाणकार

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचं ग्वाल्हेरचं उत्तर बरोबर होतं. मग आभार दुसऱ्याला का गेले, ते आधी बघू, कारण बाकी सगळं त्यातच आहे.

त्या मुलाला दोन शंका होत्या. हे नाणं कुठलं, आणि ते नकली तर नाही ना. तुम्ही पहिलीचं उत्तर दिलंत. पण १९८६ या आकड्याने तो गोंधळला होता आणि तुमचं उत्तर वाचूनही तो गोंधळ तसाच राहिला. विक्रम संवत म्हणजे काय, त्यातून इसवी सन कसा काढायचा, हे इंदूर-उज्जैनकडच्या आपल्या माणसांना दिवाळीच्या पाडव्यापासून पंचांगापर्यंत ठाऊक असतं. पुण्या-मुंबईच्या मुलाला ते ठाऊक असेलच असं नाही, त्याच्या घरच्या कॅलेंडरात शके असतो.

मी असतो तर असं लिहिलं असतं: “नाणं ग्वाल्हेर संस्थानाचं आहे. १९८६ हा विक्रम संवत आहे, त्यातून ५७ वजा केले की १९२९ येतं. वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतलं काही असेल तर ५६. आता पडताळा घेऊ. १९२९ साली ग्वाल्हेरच्या गादीवर जिवाजीराव होते, १९२५ पासून. जेमतेम तेरा वर्षांचे होते. नाण्यावर त्यांचंच नाव आहे, ते वाचून बघा. नाव आणि साल जुळलं म्हणजे गणित बरोबर.”

हा पडताळा मी मुद्दाम घालतो. नुसतं ‘५७ वजा करा’ एवढं सांगितलं तर तोच मुलगा उद्या आपल्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांचा अर्धा आणा हातात घेईल. त्यावर १९३५ आहे. तो ५७ वजा करून १८७८ काढेल आणि मोकळा होईल. १८७८ मधे गादीवर होते तुकोजीराव दुसरे. यशवंतराव आले १९२६ मधे. म्हणजे तिथे १९३५ हा सरळ इसवी सनच आहे. राजाचं नाव आणि साल एकमेकांशी ताडून बघायची सवय लागली, की हा मुलगा पुढचं नाणं तुम्हाला न विचारता ओळखेल. आणि त्याच्यासारखाच दुसरा कुणी शोधत आला, तर त्याला तुमचं उत्तर सापडेल.

उत्तर लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर विचारणारा असतोच, पण त्याच्या मागे उभे असलेले, न विचारणारेही असतात. इथे वाचणारे फार, लिहिणारे थोडे.

आता पायरीचं. क्षिप्राकाठ यांनी नियम सांगितला, तो बरोबर आहे. पण नियामक नुसते आकडे बघत नाहीत. एखाद्या धाग्यात अडलं की लोक कुणाला नाव घेऊन बोलावतात, हे त्यांच्या लक्षात असतं. “होळकरी तांबं आहे, नंदीताईंना विचारा,” असं दोन-चार जणांनी लिहिलं की तुमचं काम झालं. ‘अप्रतिम संग्रह’ लिहिणाऱ्यांना कुणी असं बोलावत नाही. त्यांचे गुण वाढू द्या, त्यांचा राग धरू नका. कुणाचा संग्रह मनापासून आवडला आणि सांगितलं, यात वाईट काय आहे?

‘मला फक्त होळकरी तांबं कळतं’ हे तुम्ही कमीपणाने लिहिलंय. माझ्या मते तीच तुमची ताकद आहे. सगळं थोडं थोडं माहीत असलेले आपल्याकडे पुष्कळ आहेत. महेश्वरच्या रुपयावरचं शिवलिंग आणि बेलपान, मल्हारनगरचा सूर्यमुखी रुपया, शिवाजीरावांचा नंदी, हे हातात घेऊन फरक सांगणारं माणूस क्वचित भेटतं. तुम्ही तेवढ्यावरच पक्क्या उभ्या राहा. बाकीच्या धाग्यांतही मदत करता येते, फक्त तिथे तुमचं काम निकाल देणं हे नाही. तिथे योग्य प्रश्न विचारा. वजन किती? कडेचा फोटो आहे का? चुंबक लावून बघितलं का? चांगला जाणकार येईपर्यंत ही माहिती धाग्यात जमा झाली असेल, तर त्याचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं.

चुंबकावरून सांगतो. कुणीतरी लिहिलं होतं, “जॉर्ज राजाचा रुपया चुंबकाला चिकटतो, म्हणजे खोटा, टाकून द्या.” रुपया होता १९४७ चा, मागे वाघ. तो अस्सल होता! १९४७ चा रुपया निकेलचाच आहे आणि निकेल चुंबकाला चिकटतं. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ मधे अजिबात नाही. साल न बघता चुंबकाचा निकाल दिला की असं होतं. ‘खरं की खोटं’ विभागावर कुलूप आहे ते याचसाठी. तुम्हाला ते जाचतं हे मला कळतं, पण तिथे लिहिलेल्या एका ओळीवर कुणी आजीचा रुपया सराफ्यात वितळवायला नेतो.

आणि चुंबकाला न चिकटणारं सगळं चांदीच असतं असंही नाही. जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण असतं तांबं, निकेल, जस्त), कथील, शिसं, काहीच चिकटत नाही. त्यासाठी घरच्या घरी करता येणारी पाण्याची परीक्षा मी प्रत्येकाला सांगतो. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. आधी नाण्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा; तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडा चिकटला असेल तर झटकून टाका. काटा दाखवेल ते विस्थापित पाण्याचं वजन. पहिल्या वजनाला त्याने भागा. व्हिक्टोरिया राणीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, पाण्यात काटा १.१३ च्या आसपास थांबला पाहिजे, भागाकार १०.३ च्या जवळ. काटा १.३ च्या पुढे गेला तर तांबं, निकेल, जस्त यांच्या मिश्रणाचा संशय घ्या. झिजून वजन कमी झालेलं असलं तरी हा भागाकार बदलत नाही, म्हणून मला ही परीक्षा फार आवडते. माळेत ओवायला कडी डाखलेली असेल तर मात्र डाखामुळे आकडा हलतो, तेही सांगून ठेवावं.

हे सगळं सोपं. अवघड काय असतं ते सांगतो.

धार जिल्ह्यातल्या एका मुलाने फोटो टाकला होता. पितळी नाणं, एका बाजूला राम दरबार, दुसरीकडे ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आणा’, १८१८. घरच्या देवघरात ठेवलेलं, रोज हळदीकुंकू वाहिलेलं. फोटोतही राम-सीतेच्या मधल्या खाचेत कुंकू दिसत होतं. कुणीतरी फोनवर त्याला सांगितलं होतं की याला काही लाख मिळतील, फक्त आधी ‘कागदपत्रांचा खर्च’ भरा. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही. हनुमान, राम दरबार, कमळ, सगळ्या अशा ‘नाण्यां’ची तीच गोष्ट. पहिल्या दोन उत्तरांत लोकांनी लिहिलं, “जत्रेतला बिल्ला आहे, फेका.”

मुलगा गप्प झाला. मी त्याला वेगळं लिहिलं. की हे चलन नाही, कंपनीने हे पाडलेलं नाही, म्हणून त्याला नाण्याची किंमत नाही. पण घरात ज्या भावाने पूजा होते ती त्याने कमी होत नाही, देवघरात आहे तिथेच राहू दे. आणि फोनवाल्याला एक रुपयाही देऊ नको. जुनी नाणी-नोटा विकून देतो म्हणत कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधे जाहीर केलं होतं, ते त्याला पाठवलं, वडिलांना दाखवायला. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, बाबांनी पैसे भरले नाहीत. त्या धाग्यात आभाराचं बटण एक-दोघांनीच दाबलं असेल. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तसंच चिंचेने घासून चकचकीत केलेलं तांबं घेऊन येणाऱ्यांचं. “नाणं मारून टाकलंत,” असं लिहू नका. त्याला रंग परत मिळणार नाही, फक्त तो पुन्हा इथे येणार नाही. इथून पुढे घासू नका, कडेला धरून हाताळा, प्लास्टिकच्या मऊ पीव्हीसी पाकिटात ठेवू नका, त्याने तांब्यावर हिरवं चिकट चढतं, एवढं सांगा.

एक शेवटची गोष्ट, माझी स्वतःची पाळायची. ज्याचं नाणं मी ओळखून दिलं, ते त्याच्याकडून मी विकत घेत नाही. त्या धाग्यात नाही, खासगी निरोपातही नाही. कितीही हवंसं असलं तरी. ओळखणारा मीच, किंमत सांगणारा मीच आणि घेणाराही मीच, असं झालं तर माझ्या पुढच्या उत्तरावर कुणी का विश्वास ठेवावा?

---

दांडियाबाजार (वडोदरा) · सदस्य

रामबागकर काका, शेवटच्या मुद्द्यावर माझं जरा वेगळं मत आहे. माझा हाच व्यवसाय आहे, लहानसा. किंमत न सांगणं ही मदत कशी? आमच्याकडे सयाजीरावांचे तांब्याचे पैसे घेऊन माणसं येतात, तलवार आणि घोड्याचा खूर असलेले. इथल्या एकाही जाणकाराने त्यांना भाव सांगितलेला नसतो. ती बाजारात जातात आणि किलोच्या भावाने तांबं म्हणून देऊन येतात. मी किंमत सांगतो आणि घ्यायचीही तयारी ठेवतो. नीट भाव देऊन घेतलं तर त्यात नाणं वाचतंच ना?

---

रामबागकर (इंदूर) · जाणकार

नाणं वाचतं, हे मान्य. आणि तुम्ही व्यापारी असल्याचं उघड लिहिता, त्याबद्दल मला आदर आहे. तुमच्यासारखे चार जण आहेत म्हणून ते पैसे भट्टीत जात नाहीत.

मी किंमत सांगूच नका असं म्हणत नाही. लिलावात तशाच अवस्थेतलं नाणं अलीकडे कितीला गेलं, ते सगळ्यांसमोर दाखवा. मग दुसरा कुणी घेऊ दे, किंवा विकणाऱ्याने चार ठिकाणी विचारून तुमच्याकडेच येऊ दे. माझी अडचण एवढीच, की ज्याला आपल्या हातात काय आहे हे आत्ताच कळलंय, त्याला त्याच दमात विकायला लावू नये. एक रात्र जाऊ द्यावी. घरात कुणाला तरी ते ठेवायचं असतं.

आणि दोन गोष्टी विकणाऱ्याला सांगायला हव्यात, त्या तुम्हीही सांगत असालच. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही. आणि शेतात नांगरताना सापडलेलं असेल तर १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा अजून लागू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पोराने उत्साहाने “आमच्या शेतात निघालं” असं लिहिलं आणि खाली पाच जण भाव विचारायला लागले, तर त्याला अडचणीत ढकलणारे आपणच.

---

दांडियाबाजार (वडोदरा) · सदस्य

एक रात्र जाऊ देण्याचं पटलं. लिलावातले भाव मी इथेच उघड टाकत जाईन, सयाजीरावांच्या नाण्यांपासून सुरुवात करतो. शेताचा मुद्दा मी गिऱ्हाइकांना सांगतो, पण इथे कधी लिहिला नव्हता, तोही लिहीन.

---

नंदीचा_पाव_आणा (इंदूर) · नवीन सदस्य

काका, ग्वाल्हेरच्या त्या धाग्यावर जाऊन यशवंतरावांच्या १९३५ चं उदाहरण जोडून आले, तुमचं नाव देऊन. त्या मुलाने लगेच दुसऱ्या नाण्याचा फोटो टाकला, संवत १९७०, आणि स्वतःच खाली लिहिलं, “१९१३, म्हणजे हे माधवराव असणार, बरोबर ना?” मला इतका आनंद झाला!

क्षिप्राकाठ, सूचीसाठी नंदीच्या नाण्यांचे फोटो काढायला बसलेय. एक अडचण आहे. तांबं काळपट आहे, खिडकीतल्या उजेडात नंदीचं वशिंड दिसतं पण सालाचे आकडे बुडून जातात. दिवा लावला की सगळंच चमकतं.

---

क्षिप्राकाठ (उज्जैन) · सदस्य

दिवा वरून लावू नका. टेबलावर नाण्याच्या अगदी बाजूला, जवळजवळ आडवा धरा, आणि त्याच्या तोंडावर पातळ बटर पेपर लावा. आकडे जिकडे आहेत त्याच्या समोरच्या बाजूने उजेड आला पाहिजे. दोन फोटो घ्या, एक आकड्यांसाठी, एक नंदीसाठी.

---

रामबागकर (इंदूर) · जाणकार

आणि फोटोत बाजूला पट्टी ठेवा, व्यासाची शंका राहत नाही. ताई, मल्हारनगरच्या ज्या रुपयाला नकली ठरवलंय त्याचा दुवा मला पाठवा. ठसा आणि चकतीचं तुम्ही वर लिहिलंय तेच तुमच्या नावानिशी तिथे टाकतो आणि नियामकांना तो धागा पुन्हा उघडायला सांगतो. मालकाला वजन आणि कडेचा फोटोही मागून ठेवा.